वृद्धिपट्टाची प्रायोगिक इजा
लांब हाडाच्या टोकाजवळील ज्या कूर्चेच्या थरामुळे हाडाची लांबी वाढते, त्यास वृद्धिपट्ट म्हणतात. मुलांमध्ये त्यास इजा झाल्यास अवयव आखूड वा वाकडा होऊ शकतो. या दोषाच्या अभ्यासासाठी वाढत्या वयाचे उंदीर, ससे, मेंढ्या इ. प्राण्यांना भूल देऊन पट्टास छिद्र पाडतात किंवा त्याचा काही भाग कापून काढतात. छिद्रात रक्तवाहिन्या शिरून अस्थिसेतू तयार होतो. तो मध्यभागी असल्यास मुख्यतः लांबी खुंटते, तर कडेला असल्यास हाड वाकते. सेतू काढून पोकळीत चरबी भरण्याची आंदेर्स लांगेनशोल्ड यांनी 1975 मध्ये वर्णिलेली शस्त्रक्रिया अशाच प्रयोगांवर आधारलेली होती. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार शक्य तेथे असे प्रयोग टाळणे व शस्त्रक्रियेत पुरेशी भूल देणे अपेक्षित आहे.