सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा आकडा रोज आपोआप पोस्ट कसा होतो? जाणून घ्या

धरणात आज किती टक्के साठा, बाजार समितीत कांद्याची आवक किती, हे आकडे रोज मोबाईलवर येतात. सॉफ्टवेअरमध्ये किती चुका म्हणजे 'बग' शिल्लक आहेत, हेही असंच रोज सोशल मीडियावर टाकता येतं. त्यासाठी कुणी कॉम्प्युटरसमोर बसायची गरज नाही.

आकडा येतो कुठून?
डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचं उदाहरण घेऊ. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. जगभरातले स्वयंसेवक तो चालवतात. उबुंटू याच्यावरच उभी आहे. डेबियन मराठीतूनही इन्स्टॉल करता येते.

डेबियनमधल्या बगची नोंद सगळ्यांसाठी खुली असते. 'क्रिटिकल', 'ग्रेव्ह' आणि 'सीरियस' या तीन प्रकारचे बग नव्या आवृत्तीची वाट अडवतात. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष याच आकड्यावर असतं.

काम कसं चालतं?
एक छोटी स्क्रिप्ट लिहितात. लिनक्समधली 'क्रॉन' ही सोय ती रोज ठरलेल्या वेळी चालवते. स्क्रिप्ट आकडा आणते, कालच्या आकड्याशी ताडून पाहते, एक वाक्य तयार करते आणि मॅस्टोडॉनसारख्या ठिकाणी पोस्ट करते. पोस्ट करायला पासवर्ड लागत नाही, 'टोकन' नावाची डिजिटल किल्ली लागते. ही किल्ली स्क्रिप्टमध्येच लिहून ती स्क्रिप्ट इंटरनेटवर टाकली, तर कुणीही त्या खात्यावरून काहीही पोस्ट करू शकतं. म्हणून ती वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवावी लागते.

गडबड कुठे होते?
सर्व्हर बंद असला की आकडा मिळत नाही. स्क्रिप्ट कच्ची असेल तर ती 'आज शून्य बग' असं बिनधास्त जाहीर करते. माहिती आली नाही तर पोस्टच करायची नाही, हा नियम आधीच घालून ठेवलेला बरा. आकडा एकाएकी निम्मा झाला किंवा दुप्पट झाला, तर पोस्ट थांबवून माणसाने एकदा नजर टाकावी.

आकडा घटला म्हणजे काम झालं का?
तसं नाही. धरणातला साठा कमी झाला म्हणजे पाणी शेतापर्यंत पोचलंच, असं म्हणता येत नाही. इथेही तेच. गंभीर बग असलेलं पॅकेज बराच काळ दुरुस्त झालं नाही, तर डेबियन ते पुढच्या आवृत्तीच्या यादीतून काढून टाकते. त्या आवृत्तीपुरता आकडा खाली येतो, पण दुरुस्ती झालेलीच नसते आणि ते पॅकेज वापरणाऱ्याची मात्र अडचण होते.

उलट आकडा वाढला म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं असंही नाही. कधी तपासणी कसून झाल्यामुळे जुन्या चुका आत्ता सापडलेल्या असतात.

म्हणूनच पोस्टमध्ये नुसती संख्या देऊन भागत नाही. कोणत्या आवृत्तीचे बग मोजले, किती दुरुस्त झाले, किती पॅकेजेस काढली आणि मूळ यादीची लिंक, एवढं दिलं तर वाचणाऱ्याला खरं चित्र कळतं.