संगणकीय प्रवेशाधिकार

संगणकीय प्रवेशाधिकार : परस्परांना जोडलेल्या संगणकांचा वापर कोणी करावा, त्यांतील कोणती माहिती कोणी पाहावी आणि तीत कोणी कोणता बदल करावा, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस संगणकीय प्रवेशाधिकार असे म्हणतात. कार्यालयात अनेक कर्मचारी एकाच माहितीसाठ्यावर काम करीत असल्याने ही व्यवस्था आवश्यक ठरते. तिचे दोन भाग पडतात. संगणकापुढे बसलेली व्यक्ती ती स्वतःस जी म्हणवते तीच आहे काय, हे पडताळणे हा पहिला भाग. यास प्रमाणीकरण म्हणतात. ओळख पटलेल्या व्यक्तीला काय करण्याची मुभा आहे, हे ठरविणे हा दुसरा भाग. यास प्राधिकरण म्हणतात. व्यवहारात हे दोन्ही भाग ‘लॉगिन’ या एकाच शब्दाने ओळखले जात असले, तरी त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. कार्यालयाच्या दारातून आत येऊ देणे आणि दप्तराच्या कपाटाची किल्ली हाती देणे या जशा वेगळ्या गोष्टी आहेत, तसाच हा भेद होय.

इतिहास : प्रारंभीच्या संगणकांवर एका वेळी एकच काम चाले, त्यामुळे यंत्र असलेल्या खोलीला कुलूप लावणे पुरेसे होई. अनेक उपयोक्ते एकाच संगणकाचा एकाच वेळी वापर करू लागल्यावर प्रत्येकाच्या माहितीची वाटणी करण्याचा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फेर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखविलेल्या कालविभागणी पद्धतीच्या संगणकप्रणालीत पुढे प्रत्येक उपयोक्त्यास परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड देण्यात आला. या पद्धतीतील उणिवाही तेथेच उघड झाल्या. त्याच दशकात एका चुकीमुळे सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी स्वागतपर सूचनेच्या जागी प्रत्येक उपयोक्त्यापुढे छापली गेली. परवलीचे शब्द जसेच्या तसे साठवून ठेवणे धोक्याचे आहे, हे यावरून दिसून आले.

रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या प्रणालीतील अनुभव मांडून यावरील उपाय स्पष्ट केला. मूळ शब्द न साठवता त्यावर एकदिश गणिती क्रिया करून मिळणारे रूप साठविले जाते. उपयोक्त्याने टंकित केलेल्या शब्दावर तीच क्रिया पुन्हा करून दोन्ही रूपे ताडून पाहतात. साठविलेल्या रूपावरून मूळ शब्द थेट काढता येत नसल्याने प्रणालीच्या व्यवस्थापकासही तो कळत नाही.

जालकातील कार्य : जालकात जोडलेल्या प्रत्येक संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते ठेवणे गैरसोयीचे असते. म्हणून सर्व खाती एका मध्यवर्ती संगणकावरील निर्देशिकेत ठेवतात आणि इतर संगणक तीकडे विचारणा करतात. मॅसॅचूसेट्सच्या याच संस्थेत १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या कर्बेरॉस या पद्धतीत मध्यवर्ती संगणक उपयोक्त्यास ठराविक मुदतीचे सांकेतिक ‘तिकीट’ देतो. ते दाखवून जालकातील मुद्रणयंत्र, माहितीसाठा इ. सेवा मिळविता येतात. परवलीचा शब्द जालकातून वारंवार पाठवावा लागत नाही. तिकिटाची मुदत वेळेवर अवलंबून असल्याने संगणकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. सर्वसाधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास प्रवेश नाकारला जातो.

मध्यवर्ती संगणकाशी संपर्क तुटल्यास काम अडू नये म्हणून कार्यालयातील संगणक पूर्वीच्या यशस्वी प्रवेशांची पडताळणी-माहिती स्वतःजवळ राखून ठेवू शकतो. यामुळे सोय होते. परंतु बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते मध्यवर्ती निर्देशिकेत बंद केले असले, तरी संपर्क तुटलेल्या संगणकावर ते काही काळ उघडू शकते. दूरवरच्या कार्यालयांत ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

तत्त्वे : जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी ‘किमान अधिकारा’चे तत्त्व सर्वमान्य झाले आहे. नेमून दिलेल्या कामास जितके आवश्यक तितकेच अधिकार द्यावेत, असा त्याचा आशय आहे. दुसरे तत्त्व कर्तव्यविभागणीचे होय : नोंद करणारा व ती मंजूर करणारा हे भिन्न असावेत. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होत असल्याने अधिकार व्यक्तीला न देता पदाला वा भूमिकेला जोडणे सोयीचे ठरते. या भूमिकाधिष्ठित पद्धतीची सुसूत्र मांडणी डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली. मात्र भूमिका अनेकांत समान असली, तरी खाते प्रत्येकाचे स्वतंत्रच असावे लागते. अन्यथा कोणते काम कोणी केले, याची स्वयंचलित नोंद निरर्थक होते.

महसुली अभिलेखातील उपयोग : वरील तत्त्वे संगणकापूर्वीच्या भारतीय महसुली प्रशासनातही आढळतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० नुसार जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद तलाठी फेरफार नोंदवहीत करतो, हितसंबंधितांना सूचना देतो आणि तपासणीनंतर वरिष्ठ महसूल अधिकारी ती प्रमाणित करतो. राज्यातील ई-फेरफार या संगणकीय प्रणालीत हाच क्रम प्रवेशाधिकारांच्या रूपाने उतरविला आहे. तलाठ्याच्या लॉगिनमधून नोंद होते. मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून ती प्रमाणित वा नामंजूर होते. त्यानंतरच गाव नमुना सात-बारा बदलतो. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली तहसीलदाराच्या मान्यतेने होते. परवलीच्या शब्दाखेरीज अंकीय स्वाक्षरीचाही उपयोग केला जातो. अंकीय स्वाक्षरी असलेला सात-बारा २०१८ पासून नागरिकांना जालकावरून मिळू लागला.

या विभागणीचे मोल गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरासारख्या तालुक्यात विशेष जाणवते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या वनबहुल जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी मुलचेरा हा एक असून येथे आदिवासी गावांबरोबरच पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीही आहेत. संहितेत १९७४ मध्ये समाविष्ट केलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीस हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते आणि विक्रीसारख्या प्रकारांत शासनाची पूर्वमान्यताही आवश्यक असते. सात-बारावरील धारणा प्रकार व निर्बंधाचा शेरा हा अशा खातेदाराचा मोठा आधार असतो. अनधिकृत लॉगिनमधून हा शेरा गळल्यास पुढील व्यवहार निर्वेध भासू शकतो आणि खातेदारास त्याचा पत्ता दीर्घकाळ लागत नाही. कागदी नोंदवहीत खाडाखोड व हस्ताक्षर यांवरून संशय घेता येई. संगणकीय नोंदीत मात्र सर्व अक्षरे सारखीच दिसत असल्याने ती कोणाच्या खात्यातून व केव्हा झाली, एवढाच माग उरतो.

अडचणी व उपाय : प्रवेशाधिकार मोडण्यास नेहमीच तांत्रिक कौशल्य लागते असे नाही. सामान्यतः कामाच्या सोयीसाठीच ते शिथिल होतात. एका कर्मचाऱ्याकडे अनेक गावांचा अतिरिक्त कार्यभार असणे, जालकाचा संपर्क वारंवार खंडित होणे, संगणकांची संख्या अपुरी असणे अशा परिस्थितीत परवलीचा शब्द सहकाऱ्यास वा खाजगी मदतनिसास सांगितला जातो आणि स्वाक्षरीचे उपकरणही त्याच्याकडे राहते. नोंद करणारा व प्रमाणित करणारा अशी दोन्ही खाती एकाच व्यक्तीच्या हाती आली, तर कर्तव्यविभागणी केवळ नावापुरती उरते. शिवाय नंतर उद्‌भवणाऱ्या वादात ज्याचे खाते त्याच्यावरच दायित्व येते.

यावर केवळ कडक नियम पुरे पडत नाहीत. परवलीचा शब्द ठराविक काळाने सक्तीने बदलावयास लावल्यास उपयोक्ते सोपे शब्द निवडतात किंवा ते कागदावर लिहून ठेवतात, असा अनुभव आल्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मधील मार्गदर्शिकेत अशी सक्ती न करण्याची शिफारस केली. शब्द लांब पण स्मरणात राहील असा असावा, जोडीला दुसरा पुरावा घ्यावा आणि शब्द फुटल्याचा संशय येताच तो बदलावा, हे अधिक परिणामकारक समजतात. अतिरिक्त कार्यभार सोपविताना लेखी आदेशाने तात्पुरते स्वतंत्र अधिकार देणे, बदली वा सेवानिवृत्तीच्या दिवशीच खाते बंद करणे आणि खात्यांची यादी प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांच्या यादीशी नियमितपणे ताडून पाहणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत.

विधी : भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. २००८ च्या सुधारणेने समाविष्ट केलेल्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, परवलीचा शब्द वा ओळखचिन्ह कपटाने अथवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि शिक्षा ही अपराध घडल्यानंतरची बाब होय. गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी खातेदारास तहसील कार्यालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत खेपा घालाव्या लागतात. त्यामुळे संगणकीय प्रवेशाधिकार हा केवळ यंत्राच्या सुरक्षिततेचा विषय न राहता, अधिकाराचा वापर व त्याची जबाबदारी एकाच व्यक्तीच्या नावे राखण्याचा म्हणजे कार्यालयीन शिस्तीचा विषय ठरतो.