गिरगाव टु ‘द पाइप’!

परदेशात नोकरी मिळते, घरही मिळतं. शेजार मात्र कमवावा लागतो. आम्स्टरडॅमच्या भरवस्तीत काढलेल्या दोन वर्षांची ही गोष्ट.

सकाळी सकाळी खिडकीखाली लोखंडी नळ्यांचा खणखणाट! पहिल्या दिवशी दचकून उठले. अर्धवट झोपेत वाटलं, गिरगावात गणपतीचा मांडव घालतायत. खाली बघते तर बाजाराचे स्टॉल उभे राहत होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने मला मुंबईहून आम्स्टरडॅमला धाडलं. ऑफिसातल्या समस्त देसी मंडळींचा एकच सल्ला, ‘आम्स्टलफेनला घर घे. इंडियन दुकानं, पोळी-भाजीचा डबा, सगळं मिळतं.’ पण एवढ्या लांब येऊन पुन्हा आपल्याच सोसायटीत राहायचं? छे! मी हट्टाने ‘द पाइप’मध्ये फ्लॅट भाड्याने घेतला. पगाराचा मोठ्ठा लचका गेला, पण म्हटलं, राहायचं तर असं!

जिना की शिडी?

‘द पाइप’ म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कामगारांसाठी उभी राहिलेली दाटीवाटीची वस्ती. गल्ल्या लांबलचक आणि चिंचोळ्या, नावं मात्र चित्रकारांची : यान स्टेन, फ्रान्स हाल्स, फर्डिनांड बोल. २०१८ मध्ये इथे मेट्रो सुरू झाली, तर वरचा रस्ता इतका अरुंद की स्टेशनाचे दोन फलाट शेजारी-शेजारी न बांधता एकावर एक बांधावे लागले. घरांचे जिनेही तसेच. जिना कसला, शिडीच ती! सोफा-कपाट त्यातून जाणं अशक्य. म्हणून घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला हुक. दोर टाकायचा, सामान वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं.

रोटी, बटाटा आणि चवळीच्या शेंगा

अल्बर्ट काउपचा बाजार १९०५ पासूनचा. अडीचशेच्या वर स्टॉल, रविवार सोडून रोज. गरमागरम स्ट्रोपवाफल, कांदा पेरलेला हेरिंग मासा, कापड, सायकलची कुलुपं... एका पाटीवर ‘रोती’ असं वाचलं आणि जीव भांड्यात पडला! आत डाळ भरलेली रोटी, सोबत चिकन, बटाटा, उकडलेलं अंडं आणि चवळीच्या शेंगा. काउंटरवरच्या काकूंनी विचारलं, ‘इंडियातून आलीस?’ म्हटलं, हो. त्या हसल्या, ‘आम्ही पण. फक्त दीडशे वर्षांपूर्वी निघालो!’

१८७३ मध्ये ‘लालारूख’ जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन डच सुरिनामला पोचलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांची अनेक नातवंडं-पतवंडं नेदरलँड्सला आली. काकूंच्या सरनामी बोलीतलं मला निम्मं कळतं. बाकीचं निम्मं रोटी सांगते.

वरच्या आजी

माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, १९७४ पासून. घर हाउसिंग कॉर्पोरेशनचं, भाडं माफक. आपल्या पागडीसारखंच समजा. ओळख झाली ती कुकरमुळे. तिसऱ्या शिट्टीला त्या दारात! त्यांना वाटलं, आगीचा अलार्म. मी वरण-भात वाढला. त्यांनी पुढच्या आठवड्यात वाढदिवसाला बोलावलं.

डच वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं रिंगण. आजींचंच नाही, तर रिंगणातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. माझ्या शेजारी आजींचा नातू, पेशाने नर्स. जन्म याच गल्लीतला, राहतो अल्मेरेला. माफक भाड्याच्या घरासाठी आम्स्टरडॅममध्ये दहा वर्षांहून जास्त वाट बघावी लागते. त्याने सरळ विचारलं, ‘तुझं भाडं किती?’ मी सांगितलं. रिंगण गप्प. मग टॅक्सचा विषय निघाला. परदेशातून आणलेली कर्मचारी म्हणून माझ्या पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त होता. त्याचा अर्थातच नव्हता. तो म्हणाला, ‘तू चांगली आहेस गं. पण तुझ्यासारखे आले की आम्ही अल्मेरेला जातो.’

घास घशात अडकला. कारण हेच वाक्य मी गिरगावात कित्येकदा बोलले होते, टॉवरमधल्यांबद्दल. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं डोंबिवलीला गेली, तेव्हा मी किती तावातावाने भांडायचे! आणि इथे? इथे टॉवरवाली मीच होते.

त्या दिवसापासून एवढंच ठरवलं, निदान गिऱ्हाईक म्हणून राहायचं नाही. डचचा क्लास लावला. आजींचं वाणसामान वर नेऊ लागले. तो जिना आता त्यांना झेपत नाही.

आणि मग माझीच पाळी

१ जुलै २०२४ पासून तिथे कायदा बदलला. ठरावीक मुदतीचे करार अपवादापुरतेच उरले, जास्त घरांच्या भाड्यावर मर्यादा आली. भाडेकरूंसाठी उत्तम! पण बऱ्याच मालकांनी भाड्याने देण्यापेक्षा घरं विकायला काढली. माझ्याही. माझा दोन वर्षांचा जुना करार सप्टेंबरात संपत होता, तो संपलाच.

सामान खिडकीतून खाली उतरलं. आजी जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘आता मला कसं कळणार, तुझं जेवण झालं की नाही?’

मी आता कुठे असते? आम्स्टलफेनला! देसी मंडळी अजून हसतात. पण दर शनिवारी पंचविसाव्या नंबरची ट्राम, मग मेट्रोची दोन स्टेशनं, की ‘द पाइप’. बाजार करते, दोन पिशव्या भरते. एक माझी, एक वरच्या मजल्यावरची.

जाणार असाल तर...
• त्या पत्त्यावर महापालिकेत नोंदणी करता येईल का, हे घर घेण्याआधीच विचारा. त्याशिवाय पुढची कामं अडतात.
• मोठं फर्निचर घेण्याआधी जिना बघा. मग हुक बघा.
• कुकर न्याच. पण शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा!