पावसातली राहुटी

मार्गशीर्ष संपत आला, की आमच्या कळमनुरीत एकच विषय असतो. माळेगावला कधी निघायचं? नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं माळेगाव, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी ही यात्रा लांबलांबपर्यंत ठाऊक आहे. पण त्याचबरोबर ती कलावंतांचीही यात्रा आहे, बरं का! वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज, शाहीर सगळे इथं येतात. नांदेड जिल्हा परिषद लावणी आणि लोककलेचे महोत्सव भरवते. आणि एका बाजूला तमाशांचे तंबू उभे राहतात.

लहानपणी मात्र या तंबूंकडे बोट दाखवायचीही चोरी होती. "तिकडं बघायचं नाही," असं आई दटावायची. कला शाखेची पदवी घेताना लोकसाहित्य शिकले, वगावर प्रश्नाचं उत्तर लिहून चांगले मार्कही मिळवले. पण वग प्रत्यक्ष सादर करणारी बाई? ती मी जवळून कधी पाहिलीच नव्हती.

ती भेट घडवली पावसानं. एका वर्षी बचत गटाच्या बायकांबरोबर पापड-मसाल्याचा स्टॉल घेऊन मी माळेगावला गेले होते. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि बघता बघता सरी कोसळू लागल्या. माल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आम्ही आसऱ्याला धावलो, ते थेट एका फडाच्या राहुटीत! आत पाच-सहा बायका होत्या. एक चुलीवर भाकरी थापत होती, एक लेकराला थोपटत होती, तर तिसरी डोक्यावरून पाणी गळत असतानाही पायात चाळ बांधत होती.

"आज खेळ होणार?" मी विचारलं.

"व्हनारच की ताई! पाऊस थांबला की लोक येतात. खेळ मोडला तर मालकाचं कर्ज वाढतं अन् आमची उचल तशीच अंगावर राहती. मंग करायचं काय?"

उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. दसऱ्याला फड बाहेर पडतात, ते पार मे महिन्यापर्यंत गावोगाव फिरतात. घरचं लग्न, आजारपण, मुलांचं शिक्षण हे सगळं या उचलीवर चालतं आणि ती नाचून फेडायची असते. त्या रात्री दहाच्या पुढं पाऊस थांबला. माणसांनी चिखलावर कडबा पसरला, ओल्या कनाती पिळून पुन्हा ताणल्या आणि ढोलकीवर थाप पडली. मी आणि आमच्या गटातल्या चौघी तिकीट काढून बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच!

अवकाळी पाऊस मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. पुण्यात १९५३ पासून होत आलेला सवाई गंधर्व महोत्सव २०१४च्या डिसेंबरमध्ये पावसामुळे पुढं ढकलावा लागला आणि १ ते ४ जानेवारी २०१५ला झाला. नाशिकचं ९४वं मराठी साहित्य संमेलन ३ ते ५ डिसेंबर २०२१ला होतं. पाऊस अगदी तोंडावर आला, तरी संमेलन पार पडलं. रसिकांची जिद्द मोठी, यात शंकाच नाही. पण फरक पाहा. शहरातला महोत्सव पुढची तारीख घेऊ शकतो. यात्रेचं तसं नसतं. देवाची तिथी कुणासाठी थांबत नाही. ती रात्र गेली की गर्दी पांगते, ती थेट पुढच्या वर्षीच भेटते.

शिवाय हाच पाऊस आमच्याकडे वेचणीला आलेला कापूस भिजवतो, तुरीचं नुकसान करतो. ज्या शेतकऱ्याचा माल भिजला, तो तिकिटाला पैसे कुठून काढणार? म्हणजे फडाला पाऊस दोनदा मारतो, एकदा आभाळातून आणि एकदा गिऱ्हाइकाच्या खिशातून. २०२० आणि २०२१ साली कोरोनानं तर तंबूच बंद पाडले. तेव्हा यातल्या कित्येक जणी शेतात मजुरीला गेल्या.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मला आता वेगळाच प्रश्न पडतो. बाळंतिणीला त्या रात्री नाचावं का लागलं? सोसण्याचे गोडवे गाताना सोसायला लावणाऱ्या परिस्थितीकडे आपण डोळेझाक तर करत नाही ना?

मैत्रिणींनो, करता येण्यासारखं बरंच आहे. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. २०२४ पासून त्यात दरमहा ५,००० रुपये ठरले आहेत. पण त्यासाठी पन्नाशीची अट आहे आणि कलाक्षेत्रात काम केल्याचा पुरावा लागतो. गावोगाव फिरणाऱ्या बाईकडे कागद कुठून असणार? अर्ज भरून द्यायला, कागद जमवायला आपल्यातली एखादी शिकलेली बाई पुरेशी आहे. यात्रेच्या जागी कलावंत बायकांसाठी मोरी आणि संडासाची सोय, पाऊस आला तर एखादी पक्की खोली, एवढं तरी आयोजकांकडे मागता येईल.

निघताना चाळवाल्या बाईला मी पापडाची दोन पाकिटं दिली. तिनं ती कपाळाला लावली आणि म्हणाली, "ताई, बायामाणसं तिकीट काढून समोर बसली, हेच लई झालं. लोक बघतात, पर आमच्याशी बोलत न्हाईत."

आता माळेगावला गेले की स्टॉल आवरल्यावर मी राहुटीकडे वळतेच. पाऊस असो वा नसो!