उकिरड्यातली सापाची अंडी घरी आणू नका


मिरगाच्या तोंडावर सुलतानपूर भागात उकिरडे उपसून खत वावरात टाकायची घाई असते. अशा वेळी खतात लांबट, पांढरी, मऊ सालीची अंडी सापडतात. कोणी ती ठेचून टाकतो, तर पोरं डब्यात भरून घरी नेतात. म्हणे, पिल्लं काढून पाळू! दोन्ही गोष्टी टाळा.

धामण काय अन् नाग काय, दोघांनाही अशी उबदार, ओलसर जागा मानवते. नुसत्या अंड्यावरून साप ओळखणं आपलं काम नाही. नागीण बहुधा अंड्यांच्या आसपासच राखणीला असते, म्हणून हात घालूच नका. कोंबडीच्या अंड्यासारखी ही अंडी फिरवून चालत नाहीत. उलटली की आतला जीव मरू शकतो. डब्यात ती सुकतात, नाहीतर बुरशी धरतात. जगलीच, तर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. नागाचं पिल्लू वीतभर असलं तरी विष जन्मापासूनच घेऊन येतं. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. अजगराचं समजून ते पिल्लू हातात घेणारे बहाद्दर आहेतच!

सापाच्या विषाला सोन्याचा भाव आहे, मग सर्पपालनाचा जोडधंदा का करू नये, असं काही तरुण विचारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप परवानगीशिवाय पकडता वा पाळता येत नाहीत. तामिळनाडूत इरुला आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था विष काढते, पण तीही सापांची पैदास करीत नाही. सरकारी परवान्याने साप धरायचे, काही आठवडे ठेवून विष घ्यायचं अन् पुन्हा रानात सोडायचे, अशी तिथली रीत आहे.

तेव्हा अंडी दिसली की तो कोपरा अलगद झाकून टाका, खत दुसऱ्या बाजूने भरा. धामणीची पिल्लं मोठी झाली की तुमच्याच धुऱ्यावरचे उंदीर खातील. घराजवळ धोका वाटला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिविष तिथंच मिळतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा क्रमांक पेरणीआधीच फळ्यावर लिहून ठेवावा.