उपटलेलं केळीचं रोप बांधावर टाकू नका!



मृग बागेची केळी लहान असताना आठ-दहा दिवस सलग ढग, रिमझिम अन् गारवा राहिला की सीएमव्ही, म्हणजे आपला 'हरण्या', डोकं वर काढतो. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात कितीतरी जणांना लावलेली केळी उपटावी लागली, ते आपण विसरलेलो नाही.

ओळखायचा कसा? कोवळ्या पानावर फिकट पिवळे पट्टे दिसतात, पान आकसतं, कडा वाकड्या होतात, पुढे पोंगा सडतो. असं झाड सुधारत नाही. या व्हायरसवर औषधच नाही. रोपाला पैसा लागलाय म्हणून 'बघू अजून आठ दिवस' असं करू नका. त्याला नीट घड तर येत नाहीच, वर ते शेजारच्या झाडांना रोग पुरवत राहतं.

रोग पसरवतो मावा. रोगट पानाचा रस घेतला की थोड्याच वेळात तो पुढच्या रोपाला लागण करतो. उपटलेलं रोप बांधावर, नाल्यात फेकलं की ते सुकतं, अन् मावा ते सोडून हिरव्या झाडावर जातो, तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या. म्हणून क्रम पाळा:

१) आधी रोगट रोपावर अन् आजूबाजूला माव्यासाठी शिफारशीचं कीटकनाशक फवारा. मात्रा लेबलप्रमाणेच.
२) मग रोप गड्ड्यासकट काढा. गड्डा राहिला तर पील रोग घेऊनच वर येतं.
३) गोणीत भरून बागेबाहेर न्या, खोल खड्ड्यात पुरा. उघड्या ट्रॉलीतून नेऊ नका.
४) दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरा.

रोगट बागेतली पिलं लागवडीला घेऊ नका अन् कुणाला देऊही नका. बागेतला, बांधावरचा केना काढा, त्यातही हा व्हायरस तग धरतो. केळीत अन् केळीजवळ काकडी, गिलकी, भोपळा, मिरची, टोमॅटो टाळा.

एकट्याने उपटून भागत नाही, मावा बांध ओळखत नाही. रावेर असो, चोपडा असो की शिरपूर, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून एकाच आठवड्यात हे काम उरका. पान संशयास्पद वाटलं तर फोटो ग्रुपवर टाका. आज दहा रोपं पुरलीत, तर उद्या बाग नांगरायची वेळ येणार नाही.