एएफपी रक्ततपासणी: आकडा एकच, अर्थ दोन

समजा, पोलादपूरच्या एका घरातील १७ आठवड्यांची गरोदर सून आणि तिचे सासरे एकाच दिवशी महाडला रक्त देऊन आले. सासऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून हिपॅटायटिस बी आहे. दोघांच्याही रिपोर्टमध्ये एएफपी ४५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. सुनेसाठी हा आकडा त्या आठवड्याला साजेसा आहे. सासऱ्यांची पुढची तपासणी मात्र लांबवून चालणार नाही.

एएफपी म्हणजे काय?

अल्फा-फीटोप्रोटीन हे मुख्यतः गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. त्यातले थोडे आईच्या रक्तात उतरते. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होते आणि गरोदर नसलेल्या निरोगी प्रौढांत साधारणपणे १० पेक्षा कमी असते. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा याच प्रौढांसाठी असते. गरोदर स्त्रीने त्या मर्यादेशी आपला आकडा ताडून घाबरू नये.

गरोदरपणात

ही तपासणी १५ ते २० आठवड्यांत, बहुधा क्वाड्रुपल टेस्टचा भाग म्हणून होते. त्या आठवड्याच्या मध्यम पातळीच्या किती पट एएफपी आहे, हे पाहिले जाते. ते अडीच पटीहून जास्त असल्यास बाळाच्या मणक्यात, मेंदूत किंवा पोटाच्या भिंतीत दोष असू शकतो. पण आठवडे चुकीचे मोजले असतील किंवा जुळी असतील, तरीही आकडा वाढतो. डाउन सिंड्रोमची शक्यता एकट्या एएफपीवर नव्हे, तर इतर घटकांसह ठरते.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. पुढे सविस्तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भजल तपासणी करतात.

म्हणून फॉर्मवर पाळीची तारीख, वजन, मधुमेह आणि जुळ्यांची माहिती अचूक द्या. मुंबईत नाव नोंदवून बाळंतपणासाठी माहेरी येणार असाल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद सोबत आणा. आठवडे त्यावरूनच नीट ठरतात. रिपोर्ट आल्यावर थांबू नका. गंभीर व्यंग आढळल्यास २४ आठवड्यांनंतरच्या गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते.

यकृताच्या आजारात

सिरोसिस असलेल्यांना आणि हिपॅटायटिस बीच्या अनेक रुग्णांना दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करण्याचा सल्ला दिला जातो. यकृताला सूज असली तरी आकडा वाढतो. तो प्रत्येक वेळी चढत असेल किंवा ४०० च्या पुढे गेला असेल, तर यकृताच्या कर्करोगाची शंका बळावते. मग औषध टोचून सीटी किंवा एमआरआय करतात. उलट, काही रुग्णांत कर्करोग असूनही एएफपी वाढत नाही. त्यामुळे ‘रक्त चांगले आले’ म्हणून सोनोग्राफी टाळू नका.

घरच्यांनी काय करावे?

घरात कोणाला हिपॅटायटिस बी असल्यास सर्वांनी एचबीएसएजी तपासणी करावी. गरोदर स्त्रीने तर नक्कीच. तपासणीत दोष नसेल तर लस घेता येते. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली लस मिळालीच पाहिजे. आईला संसर्ग असल्यास बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. त्याची सोय बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.

हा आजार एका पंगतीत जेवल्याने किंवा एकाच हंड्यातले पाणी प्यायल्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवू नका. दाढीचे ब्लेड आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा.